जट म्हणजे देवी नव्हे

(शेतकरी व कारागीर मंडळींच्या बैठकींत एका नाभिक बंधूनें केलेलें भाषण)



मी कांहीं वैद्य नाहीं, डॉक्टर नाहीं, आणि शास्त्री तर मुळींच नाहीं. मी न्हावी आहें. वस्तरा, कात्री, फणी आणि तुरटीचा खडा एवढीच माझी पोथी. परंतु केसांविषयीं लोक जें डॉक्टरला विचारीत नाहींत, तें न्हाव्याला विचारतात. मान खालीं घालून बसलेला माणूस मनांतलें बोलून जातो. आज तीस वर्षें हें मी ऐकत आलों. त्यांतलें काय खरें, काय खोटें, हें सरकारी दवाखान्यांतल्या डॉक्टरांना विचारून व पुस्तकें वाचून मीं ताडून पाहिलें, आणि निम्म्याहून अधिक खोटें निघालें. तेंच आज तुमच्यापुढें मांडायचें आहे. तुम्ही म्हणाल, केसांचें एवढें काय? पण ह्याच केसांच्या पायीं आपल्या घरांतला पैसा जातो, लेकरें विषानें आजारी पडतात, आणि कित्येक पोरींचा सारा जन्म मातींत गेला आहे. तेव्हां थोडा वेळ द्या.

आधीं केस म्हणजे काय तें पाहूं. कातडीच्या आंत केसाचें मूळ असतें, तें जिवंत असतें. त्याला रक्त मिळतें. बाहेर जो दिसतो तो केस मेलेला असतो. म्हणून तर कात्री लावली तर दुखत नाहीं आणि उपटला तर डोळ्यांत पाणी येतें. माणसाच्या डोक्यावर सुमारें १ लाख केस असतात. केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतो. असा तो २ ते ६ वर्षें वाढतो, मग दोनतीन महिने थांबतो, आणि गळून जातो. त्याच जागीं नवा येतो. हें रहाट जन्मभर चालू असतें. त्यामुळें रोज ५० ते १०० केस गळणें हा रोग नव्हे. आठ दिवसांनीं न्हाणारी बाई न्हाणींतला पुंजका पाहून घाबरते. पण तो आठ दिवसांचा साठलेला हिशेब असतो.

एवढें कळलें म्हणजे पुष्कळ समजुती आपोआप गळतात. पोराचें जावळ काढलें, दोनतीनदां तुळतुळीत गोटा केला, म्हणजे केस दाट येतात असें आयाबाया सांगतात. आतां मला सांगा, ज्वारी कापल्यावर रानांत अनवाणी चाललां तर धसकट पायाला टोचतें. म्हणून काय ताटें वाढलीं? वस्तऱ्यानें कापलेल्या केसाचें टोंक असेंच बोथट असतें, तें हाताला राठ लागतें, इतकेंच. मुळें जेवढीं होतीं तेवढींच राहतात. जावळ काढण्याची हौस असेल तर काढा, माझ्या पोटावर पाय आणूं नका. पण दाट केसांच्या आशेनें काढूं नका. तसेंच पांढऱ्या केसाचें. एक उपटला कीं दहा येतात म्हणतात. एका मुळांतून एकच केस येतो. शेजारचे पिकले ते त्यांच्या वेळेनें पिकले.

तेलाविषयीं जरा सावकाश बोललें पाहिजे, कारण येथें पैशाचा प्रश्न आहे. तेल केसाला खाऊं घालीत नाहीं. मेलेल्या धाग्याला भूक कुठली? पण तेलाचा उपयोग नाहीं असेंही नाहीं. खोबरेल केसांत थोडें मुरतें. न्हातांना केस पाण्यानें फुगून जो खराब होतो तो त्यानें कमी होतो, आणि गुंताही सुटतो. तेव्हां न्हाण्याच्या आदल्या रात्रीं घरचें साधें खोबरेल लावा. मात्र कोंडा फार असेल तर डोकें तेलानें थबथबून ठेवूं नका. तेलकट डोक्यावर कोंडा वाढतो. आणि दोनशें-चारशें रुपयांची जी बाटली टकलावर केस उगवून देतें म्हणते, तिला हात लावूं नका. पुरुषांचें टक्कल बहुतेक आईबापांच्या रक्तांतून येतें. तें टोपीनें येत नाहीं, फेट्यानें येत नाहीं, आणि चोळल्यानें जातही नाहीं. तसें असतें तर माझ्या जातींत एकही टकला दिसला नसता.

बाळंतिणीचे केस दोनचार महिन्यांनीं मुठीमुठीनें गळूं लागतात. कोणी म्हणतें, बाळ आईला ओळखूं लागलें म्हणून. कोणी म्हणतें, दृष्ट लागली. खरी गोष्ट अशी कीं, पोटुशीपणांत जे केस गळायचे थांबलेले असतात ते सारे एकदम आपली पाळी पुरी करतात. मोठा ताप, टायफॉईड, डेंग्यू येऊन गेल्यावरही दोनतीन महिन्यांनीं असेंच होतें. सहा महिने ते वर्षभरांत बहुतेक भरून येतात. परंतु ज्या बाईचे केस वर्षानुवर्षें विरळ होत चालले आहेत, जिला दोन घागरी आणतांना धाप लागते, जिच्या डोळ्यांच्या पापण्या आंतून पांढुरक्या दिसतात, तिच्या अंगांत रक्त कमी आहे. तिला तेल नको, प्राथमिक आरोग्य केंद्रांत नेऊन रक्त तपासा. लोहाच्या गोळ्या तेथें फुकट मिळतात. त्या चहाबरोबर घेऊं नयेत, चहानें लोह अंगीं लागत नाहीं. आणि आमच्या घरांतली एक रीत सांगतों, राग मानूं नका: बाई सगळ्यांच्या मागून जेवते, तेव्हां डाळीचें पाणी आणि भाजीचा रस्सा उरलेला असतो. केस तिचे गळतात, पण दोष पंगतीचा आहे.

चाई लागली कीं केस खाणारा किडा शोधतात आणि बिब्बा चोळतात. किडाबिडा कांहीं नसतो. शरीराची शत्रूशीं लढणारी शक्ति चुकून केसांच्या मुळांवर तुटून पडते, त्यानें रुपयाएवढी जागा गुळगुळीत होते. पुष्कळांची आपोआप भरते. नाहीं भरली तर डॉक्टराजवळ औषध आहे. बिब्ब्यानें मात्र कातडी भाजते आणि जन्माचा वण राहतो. लेकराच्या डोक्यावर खाज, खपल्या आणि मोडके केस असतील तर तें गजकर्ण. त्याला नुसतें मलम पुरत नाहीं, पोटांत गोळ्या घ्याव्या लागतात. तें एकाच्या फणीवरून दुसऱ्याच्या डोक्यावर जातें. माझ्या जातभाईंनाही येथें सांगतों कीं, गिऱ्हाइकागणिक नवें पातें घाला. एका पात्यावर दोन माणसें केलीं तर रक्तांतून जाणारी कावीळ आणि एड्ससुद्धां जाऊं शकतो. पातें दोनचार रुपयांचें असतें.

उवांची गोष्ट गंमतीची वाटते, पण तिच्यांत जीव जाऊं शकतो. उवा घाणेरड्यांच्याच डोक्यांत होतात ही समजूत खोटी. ऊ उडत नाहीं, उडी मारीत नाहीं. डोक्याला डोकें लागलें म्हणजे चालत जाते. न्हालेल्या डोक्यांतही ती तितक्याच सुखानें राहते. गरिबाच्या पोरीला शाळेंत मागच्या बाकावर बसवतात, तिची वेणी बघून नाकें मुरडतात, तें सगळें अज्ञान आहे. खरा धोका औषधाचा. कोणी रॉकेल ओततें आणि पोरगी चुलीपाशीं बसते. कोणी शेतांत फवारायचें विष बोटभर घेऊन चोळतें. बाबांनो, जें विष फवारतांना तोंडाला फडकें बांधतां, तें लेकराच्या टाळूवर कसें चोळतां? कातडींतून तें अंगांत भिनतें. पोर लाळ गाळतें, उलट्या करतें, श्वास कोंडतो. केस ओले करून तेल लावा, बारीक दातांच्या फणीनें दर दोनतीन दिवसांनीं दोन आठवडे विंचरा. लीख फुटायला ७ ते १० दिवस लागतात, म्हणून दवाखान्यांतलें औषध लावलें तरी तितक्या दिवसांनीं तें पुन्हां लावावें लागतें. घरांतल्या सगळ्यांचें एकाच दिवशीं करा.

आतां मूळ मुद्द्यावर येतों.

आपल्या गांवोगांव अजूनही अशा बाया दिसतात कीं ज्यांच्या डोक्यावर दोरखंडासारखी जट लोंबते. कुणाची खांद्यापर्यंत, कुणाची कमरेपर्यंत. लोक म्हणतात, देवी आली. तिला फणी लावायची नाहीं, कात्री तर नाहींच. हळदकुंकू वाहायचें, मंगळवारीं-शुक्रवारीं पूजा करायची. कापली तर देवी कोपेल, बाई वेडी होईल, रक्त ओकेल, नाहींतर घरांतला कर्ता जाईल.

जट होते कशी तें मी न्हावी म्हणून सांगतों. रोजचे जे ५० ते १०० केस गळतात ते विंचरलें म्हणजे निघून जातात. विंचरलें नाहीं तर ते उभ्या केसांतच अडकून राहतात. केसावर माशाच्या खवल्यांसारखे बारीक खवले असतात; ते एकमेकांत अडकतात. त्यांत घाम, तेल, धूळ, हळदकुंकू मिसळतें. येथें सणगर आणि धनगर मंडळी बसली आहेत, त्यांना विचारा: लोकर ओली करून चोळली तर काय होतें? ती घट्ट बसते, मग सुटत नाहीं. जट ही तीच गोष्ट आहे. बाळंतपण, लांबलेलें दुखणें, वेड लागल्यासारखें झालेलें मन, नाहींतर सुगींत रात्रंदिवस राबणें, अशा वेळीं बाईची वेणीफणी महिनाभर राहून जाते आणि पहिला गुंता होतो. त्या वेळीं कुणी खोबरेल लावून, बोटांनीं सोडवून, रुंद दातांच्या कंगव्यानें टोंकाकडून वर विंचरलें असतें, तर तासाभरांत काम झालें असतें. पण कुणीतरी पाहतें आणि म्हणतें, "हात लावूं नको, देवीचें आहे." तेथून पुढें ती जट वाढणारच, कारण विंचरायचेंच बंद झालें!

आणि ही देवी फक्त आपल्याकडेच येते असें समजूं नका. युरोपांत पोलंड म्हणून देश आहे. तेथें यल्लम्मा नाहीं, अंबाबाई नाहीं; बहुतेक येशूला मानणारे. तेथल्या खेड्यापाड्यांतून पूर्वीं पुष्कळ लोकांच्या डोक्यावर अशाच जटा असत. इतक्या, कीं डॉक्टरी पुस्तकांत जटेचें नांवच ‘प्लायका पोलोनिका’, म्हणजे पोलंडची जट, असें पडलें. तेथले लोकही हेंच म्हणत कीं, कापली तर माणूस आंधळा होईल, वेडा होईल, अंगांतला रोग आंत उलटेल. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास क्राकोव्ह शहरांत योझेफ डीटल नांवाचे डॉक्टर होते. पुढें १८६६ सालीं ते त्या शहराचे नगराध्यक्षही झाले. त्यांनीं रोगी तपासले आणि ठासून सांगितलें कीं, हा रोगही नव्हे आणि दैवी चमत्कारही नव्हे, न विंचरल्याचा गुंता आहे. लोक विंचरूं लागले, कापूं लागले, आणि ती जट त्या देशांतून गेली. कुणाचे डोळे गेले नाहींत. भाषा वेगळी, धर्म वेगळा, आणि भीति मात्र अक्षर न अक्षर तीच! यावरून ती कोठून येते तें ओळखा.

ह्या भीतीची किंमत कोणीं दिली? ज्या मुलीच्या डोक्यांत जट निघाली तिला देवीचें बोलावणें आलें असें ठरवून सौंदत्तीच्या डोंगरावर नेत आणि देवीला सोडीत. गळ्यांत दर्शन घातलें कीं तिचें लग्न नाहीं, संसार नाहीं. हातांत परडी आणि दारोदार जोगवा. पुढें तिच्या अब्रूचें काय होई तें ह्या सभेंत सांगायला नको. बहुतेक पोरी आपल्याच गोरगरिबांच्या, त्यांतही अस्पृश्य मानलेल्या जातींच्या. श्रीमंताच्या पोरीच्या डोक्यांत देवी क्वचित् येते, कारण तिची वेणी घालायला घरांत वेळ असतो. मुंबई इलाख्यांत १९३४ सालीं ह्या चालीविरुद्ध कायदा झाला, कर्नाटकानें १९८२ सालीं केला, महाराष्ट्रानें २००५ चा कायदा केला. देवाला सोडणें आज गुन्हा आहे. पण कायदा पोरीला सोडूं देत नाहीं एवढेंच. डोक्यावरची जट तो उतरवीत नाहीं. ती बाई डोंगरावर गेली नाहीं तरी घरांतच अडकते. मान दुखते, कुशीवर झोपतां येत नाहीं, आंत उवा आणि फोड होतात, वास येतो, लग्नकार्यांत कोणी जवळ बसवीत नाहीं.

ह्यांत भटाला शिव्या देऊन मोकळें होतां येणार नाहीं. जट पाहून कौल लावणारा देवऋषी बहुतेक आपल्याच आळींतला असतो. त्याला दर अमावास्येला लिंबू, नारळ, कोंबडें आणि वर दक्षिणा पोंचते. ज्याचें दुभतें आहे तो म्हैस विकायला कधीं सांगेल काय?

आणखी एक गोष्ट मीं बायांच्या तोंडून ऐकली आहे, ती लपविणें बरें नाहीं. एका बाईनें मला सांगितलें, "दादा, जट आली तेव्हांपासून नवऱ्यानें मारायचें सोडलें. सासू पायां पडते." तिला त्या जटेचा आधार झाला होता. अशा बाईच्या डोक्याला एकदम कात्री लावायला जाणें म्हणजे तिचें छत्र काढून घेणें. तिची जट उतरवायची तर आधीं तिच्या नवऱ्याशीं बोललें पाहिजे, आणि पुढें तिच्यावर हात उगारला गेला तर आपण चार जण तिच्या दारांत उभें राहिलें पाहिजे. ज्याला हें करायचें नाहीं त्यानें कात्री घेऊं नये.

आमच्या आळींतल्या एका म्हातारीची जट उतरविली त्या वर्षीं तिची म्हैस मेली. झालें! गांव म्हणालें, देवी कोपली. म्हातारी खमकी. ती म्हणाली, "त्याच आठवड्यांत पाटलाच्याही दोन मेल्या. पाटलिणीला कुठं जट होती?" रोगाची सांथ होती, ती जट बघून आली नव्हती. दुसऱ्या एका घरीं मुलाला ताप आला, तेव्हां आम्हीं त्याला लगेच दवाखान्यांत नेलें. तापही उतरला आणि भीतीही उतरली. जट कापल्यावर वर्षभर त्या घरावर लक्ष ठेवावें लागतें तें ह्याचसाठीं. संसारांत दुखणींबाणीं येणारच, आणि प्रत्येक वेळीं लोक कात्रीकडे बोट दाखवणार.

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनीं १९८९ सालीं स्थापन केलेल्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनीं, विशेषतः पुण्याकडच्या बायांनीं, घरोघर जाऊन, महिनोन् महिने समजूत घालून अशा शेंकडों जटा उतरविल्या आहेत. डॉक्टरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत खून झाला. काम थांबलें नाहीं.

माझ्या नाभिक बंधूंना ह्या ठिकाणीं एका जुन्या गोष्टीची आठवण द्यावीशी वाटते. एके काळीं वरच्या जातींत नवरा मेला कीं बाईचें डोकें भादरीत. तिथेंही केसांवरचीच समजूत होती, कीं विधवेच्या केसांनीं मेलेल्या नवऱ्याला बंधन पडतें. वस्तरा मात्र आमच्या हातांत असे, आणि तिच्या डोळ्यांतलें पाणीही आम्हीच पाहत असूं. तेव्हां जोतीराव फुल्यांचे सहकारी व ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रेरणेनें १८९० च्या सुमारास मुंबईच्या न्हाव्यांनीं सभा भरविली आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाहीं असें ठरविलें. हातावर पोट असलेल्या माणसांनीं मजुरीवर पाणी सोडलें. त्या वेळीं बाईच्या मनाविरुद्ध तिचे केस काढायला आमच्या आजे-पणजांनीं नकार दिला. आज बाई मनानें तयार झाली असेल आणि गांव नको म्हणत असेल, तर आपण होकार दिला पाहिजे. दोन्ही ठिकाणीं विचारायचें तें बाईला.

आतां कापायचें कसें तें सांगून पुरें करतों. बाईची स्वतःची संमति पाहिजे, ती चार माणसांसमोर घ्या. पुरुषानें हात लावणें तिला अवघड वाटत असेल तर बाईनेंच कापावें. माझी कारभारीण हें काम करते, गांवच्या आशाताईलाही दाखवून ठेवलें आहे. आंत फोड किंवा पू असेल तर आधीं दवाखाना. वस्तरा वापरूं नका. जटेच्या आंत कातडी कोठें आहे तें दिसत नाहीं. दोन बोटें जटेच्या खालीं घालून कातडीपासून अंतर राखावें आणि कात्रीनें थोडें थोडें कापावें. मग कोमट पाण्यानें डोकें धुवावें, उवांचा बंदोबस्त करावा. इतक्या वर्षांचें ओझें उतरल्यावर बाईला डोकें हलकें लागतें, गरगरल्यासारखें वाटतें. त्याला देवीचा कोप समजूं नका, बसवून चहापाणी द्या. उरलेले केस पुन्हां वाढतील, वर्षभरांत वेणी घालण्याइतके होतील. पण रोज फणी लागली पाहिजे.

कापलेल्या जटेचें काय करायचें असें हटकून विचारतात, कारण ती घरांत ठेवायची भीति आणि टाकायचीही भीति. कुणी नदींत सोडतें, तसें करूं नका, तें पाणी खालच्या गांवचे लोक पितात. शेताच्या कडेला हातभर खड्डा करून पुरा. केस सावकाश कुजतो आणि त्यांतलें नत्र पिकाला मिळतें. पुरतांना हळदकुंकू वाहावेंसें वाटलें तर त्या बाईला वाहूं द्या. त्यावरून तिच्याशीं वाद घालीत बसूं नका.